‘पुनर्विकास’ आणि त्यामागची माणसे

मुंबईच्या गिरणगावात जुनी चाळ पाडून तेथे मनोरा उभा राहू लागला, की त्या घडामोडीला ‘पुनर्विकास’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. शब्द कचेरीत घडलेला, म्हणून निरुपद्रवी. त्यात इमारत दिसते. माणूस दिसत नाही.

इंग्रजीतील ‘जेंट्रिफिकेशन’ या शब्दात माणूस दिसतो. समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ साली लंडनविषयी लिहिताना तो योजिला. कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत मध्यमवर्ग घरे घेऊ लागला, घरांचे मोल चढले आणि मूळचे रहिवासी निघून गेले, हे त्यांचे निरीक्षण. ‘जेंट्री’ म्हणजे खेड्यातील खानदानी जमीनदार वर्ग. शहरी पगारदारांना ही पदवी बहाल करण्यात बाईंचा उपरोध होता. मराठीत कोणी ‘अभिजनीकरण’ म्हणतात. तो शब्द जणू मानपत्रातलाच! ‘उच्चभ्रूकरण’ कानाला बोजड खरा, परंतु त्यातील उंचावलेल्या भुवईमुळे मूळचा उपरोध थोडा तरी टिकतो.

गिरणगावात हे कसे घडले? १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे एकेक गिरणी थंडावली. गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा महापालिकेला आणि सार्वजनिक गृहनिर्माणाला द्यावा, अशी तरतूद १९९१ च्या नियमावलीत होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. फिनिक्स गिरणीच्या आवारात आज बाजारसंकुल आहे. घरांच्या जाहिरातदारांनी तर लोअर परळचे ‘अप्पर वरळी’ करून टाकले!

चाळकऱ्याला येथून कोणी हुसकावले, असे सरसकट म्हणता येत नाही. पुष्कळदा त्याला नव्या इमारतीत हक्काची खोली मिळते. पण उद्वाहन, पंप, पहारेकरी यांचा दरमहाचा खर्च पेलत नाही. मुलांचे संसार वाढतात. मग खोली विकून तो डोंबिवलीची किंवा विरारची वाट धरतो. कोयनेच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्यांना मराठीने ‘विस्थापित’ म्हटले. खोलीचे पैसे पदरात घेऊन गेलेल्याला तो शब्द कोणी लावीत नाही. त्याच्या जुन्या शेजाऱ्याला विचारावे, तर तो सांगतो, “ते होय? ते विरारला गेले.”