जुनी शिक्षा आणि परदेशचा व्हिसा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



विद्यार्जन, उद्योगधंदे, विवाहातील खर्च अशा अनेक विषयांचा ऊहापोह या व्यासपीठावरून आजवर झालेला आहे. आज आम्ही जो विषय मांडणार आहोत, त्याची कुजबुज घरात होते, सभेत होत नाही. पूर्वायुष्यात एखाद्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या मनुष्याने परदेशी पर्यटनाचा व्हिसा मागावा काय, आणि मागितल्यास तो कसा मागावा, हा तो विषय होय.

आपल्या ज्ञातीतील कितीतरी मुले-मुली आज अमेरिकेत नांदत आहेत. नातवाच्या मुंजीस या, असे बोलावणे येते. आजीबाई तयारीस लागतात. आजोबा मात्र गुडघ्याचे निमित्त सांगून घरीच राहतात. गुडघे धडधाकट असतात. दुखत असते ते चाळीस वर्षांपूर्वीचे प्रकरण. बांधावरून भाऊबंदकी झाली, हातघाई झाली, न्यायालयाने कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड सांगितला. ही गोष्ट मुलास ठाऊक नसते, आणि ती अर्जात लिहावी लागेल या धास्तीने वृद्ध मनुष्य नातवाच्या दर्शनासही मुकतो. ही लहानसहान हानी नव्हे.

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले शाळामास्तर, कायदेपंडित नव्हे. तथापि जे निश्चित समजून घेतले आहे, तेवढेच सांगतो.

अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज स्पष्ट विचारतो की, आपणास कधीही अटक अथवा शिक्षा झाली आहे काय? पुढे माफी मिळाली असली तरीही उत्तर ‘होय’ असेच द्यावयाचे असते. निर्दोष सुटलेल्यानेही, अटक झाली असल्यास ती सांगितली पाहिजे. परंतु ‘होय’ म्हणताच दार बंद होते, ही समजूत निराधार आहे. तेथील 1952 च्या कायद्यात मुख्य कसोटी आहे ती नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्याची. चोरी, फसवणूक ही त्याची ठळक उदाहरणे. साधी मारहाण सामान्यतः त्यात धरली जात नाही. निव्वळ राजकीय अपराधही त्यातून वगळलेला आहे.

गुन्हा त्या वर्गातील असला तरी एक सवलत आहे. असा गुन्हा आयुष्यात एकच असावा, कायद्याने त्यास एक वर्षाहून अधिक कैद सांगितलेली नसावी, आणि प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांहून अधिक झालेली नसावी. म्हणून कोणत्या कलमाखाली शिक्षा झाली, यास फार महत्त्व आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 323 खाली, म्हणजे साध्या दुखापतीबद्दल, जास्तीत जास्त एक वर्षाची कैद होती. कलम 379 खाली, म्हणजे चोरीबद्दल, तीन वर्षांची. तेव्हा चोरीबद्दल नुसता दंड झाला असला तरी ही सवलत लागू पडत नाही. अमली पदार्थांच्या गुन्ह्यासही ती नाही.

मग अशांनी काय करावे? त्यांच्यासाठी त्याच कायद्यात तात्पुरत्या प्रवेशापुरती सूट मागण्याची तरतूद आहे. वकिलातीतील अधिकारी शिफारस करतो आणि अमेरिकेतील खाते निर्णय देते. 1978 सालच्या एका अपिलाच्या निर्णयाने तीन गोष्टी पाहण्याचे ठरविले: या मनुष्यापासून समाजास धोका किती, पूर्वीचा अपराध किती गंभीर, आणि येण्याचे कारण काय. ते कारण फार निकडीचेच असले पाहिजे असे नाही, हेही त्याच निर्णयात म्हटले आहे. आप्तांची भेट हे कारण क्षुद्र नव्हे. मात्र सूट हा हक्क नव्हे, आणि निर्णयास महिनोन्‌महिने लागू शकतात; म्हणून आधी तिकिटे काढू नयेत.

प्रत्येक देशाचा हिशेब निराळा, हेही ध्यानात ठेवावे. इंग्लंडमध्ये 2020 च्या डिसेंबरपासून बारा महिने वा अधिक कैद झालेल्यास नकाराचा नियम आहे. कॅनडाने 2018 च्या डिसेंबरात मद्यपान करून वाहन चालविण्यास गंभीर गुन्ह्याचा दर्जा दिला. आपल्याकडेही 1967 च्या पासपोर्ट कायद्यान्वये, मागील पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षे वा अधिक कैद झालेल्यास पासपोर्ट नाकारता येतो. खटला चालू असेल तर न्यायालयाची परवानगी आणावी लागते.

आता कागदपत्रे. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल, तिचे इंग्रजी भाषांतर, दंड भरल्याची पावती किंवा शिक्षा भोगून सुटल्याचा दाखला, आणि पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, एवढे जमवावे. जुनी नक्कल मिळण्यास वेळ लागतो. तो हाती ठेवावा. घरदार, शेतीवाडी, निवृत्तिवेतन यांचे पुरावेही न्यावेत, कारण आपण परत येणार अशी अधिकाऱ्याची खात्री पटली नाही, तर निष्कलंक मनुष्यासही व्हिसा नाकारला जातो.

सर्वांत महत्त्वाचे शेवटी सांगतो. काही दलाल सल्ला देतात, ‘आजोबा, इतके जुने कोण पाहतो? नाही म्हणून टाका.’ झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण येथे घात करते. वकिलातीत दहाही बोटांचे ठसे घेतले जातात. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितल्याचे सिद्ध झाल्यास जन्मभराची बंदी येते. तीतूनही सूट मागता येते, परंतु ज्याचा शब्द एकदा खोटा ठरला, त्याची शिफारस कोण करील? ज्या किरकोळ गुन्ह्याने वाट अडली नसती, तो लपविण्यापायी वाट कायमची अडावी, याहून दुर्दैव कोणते? शाळेत काच फोडल्याचे कबूल करणाऱ्या मुलास शिक्षक थोडक्यात सोडतो. हजेरीपटावर खाडाखोड करणाऱ्याची गय करीत नाही. तोच न्याय येथे आहे.

म्हणून वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे की, अर्जात लिहिण्यापूर्वी ती गोष्ट मुलांस स्वतःच्या तोंडून सांगावी. मुलांस विनंती की, ज्या हातांनी तुमची फी भरली, त्यांनी तरुणपणी एकदा काठी उचलली एवढ्यावरून पित्याचे मोल ठरवू नये. आणि ज्ञातिबांधवांस विनंती की, न्यायालयाने दिलेली शिक्षा जो भोगून चुकला, त्यास आपल्या जिभेने दुसरी शिक्षा देऊ नये. मंडळातील वकील बंधूंनी अशा वृद्धांची कागदपत्रे गुप्तता राखून तपासून द्यावीत, त्यासाठी महिन्यातील एक रविवार ठेवावा, अशी आमची सूचना आहे.