मैदानात कोसळलेला खेळाडू
(रौप्यमहोत्सवी आरोग्य मेळाव्यातील भाषण)

खाली आवारात बॅडमिंटनचं नेट लागलंय, म्हणून हाच विषय घेतला.

२६ जून २००३. फ्रान्समधल्या लिआँ शहरात कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-विव्हियन फोए मैदानात कोसळला. जवळपास कुणी नाही, धक्काही नाही. वय २८. वाचला नाही. शवविच्छेदनात हृदयाचा स्नायू जाड झालेला आढळला. हा आजार बहुधा घराण्यातून येतो. म्हणून घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

१२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन असाच पडला. तिथल्या तिथे छाती दाबली, यंत्राने शॉक दिला. पुढच्या वर्षी तो पुन्हा खेळायला उतरला!

हार्ट अटॅकमध्ये रक्तवाहिनी तुंबते. इथे हृदयाची वीजच बिघडते आणि ते नुसतं थरथरत राहतं. पस्तिशीनंतर मात्र बहुतेकदा मूळ दुखणं तुंबलेल्या रक्तवाहिनीचंच. रविवारच्या खेळाडूंनो, ऐकताय ना?

हाकेला ओ नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके, तर कांदा हुंगवू नका, पाणी पाजू नका. एकाने १०८ लावा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबा, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दमलात तर हात बदला, थांबू नका. एकेक मिनिट वाया गेलं की वाचण्याची आशा झपाट्याने घटते, आणि आपल्या गल्लीतलं पार्किंग तुम्हाला ठाऊकच आहे.

सरावाची बाहुली आणली आहे. पहिला नंबर सेक्रेटरींचा, मग वॉचमनकाकांचा. दुपारी खाली तेच असतात.