दोन रांगांमधली फट

माझा मुलगा कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे नोकरी करतो आणि मोटारसायकलने कचेरीत जातो. हमरस्त्यावर मोटारींच्या रांगा तुंबल्या की दोन रांगांमधल्या फटीतून आपण गाडी काढतो, असे त्याने एकदा फोनवर सहज सांगितले, आणि त्या दिवसापासून त्याच्या आईची झोप उडाली. माझीही उडाली होती; परंतु घरात कोणीतरी धीराचे दिसावे लागते.

गेल्या दिवाळीत तो आला, आणि माळा झाडताना त्याला एक खोके सापडले. 1996 साली लॅमिंग्टन रोडवर मी घासाघीस करून घेतलेला तो व्हिडिओ गेम होता. 1983 साली जपानात निन्टेन्डोने काढलेल्या फॅमिकॉम यंत्राच्या ज्या बिनपरवाना नकला त्या काळी आपल्याकडे घरोघरी शिरल्या, त्यांतलीच ही एक. नव्या सपाट टीव्हीला त्याची वायर काही लागेना. अखेर शेजाऱ्यांकडचा जुना, पाठीला पोक असलेला टीव्ही उचलून आणला. चिरंजीवांनी पिवळ्या कॅसेटीत सवयीने फुंकर मारली. (त्या फुंकरीतल्या ओलाव्याने आतील धातूच्या पट्ट्या खराबच होतात, हे आम्हांला तेव्हा कोणी सांगितले नव्हते.) आणि पडद्यावर ‘एक्साइटबाइक’ अवतरली.

1984 सालचा हा खेळ. चार पट्ट्यांची वाट, तीवर मोटारसायकली, आणि वर-खाली बटण दाबून पट्टी बदलायची. त्यात एक नियम मोठा मार्मिक आहे. तुमचे पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला लागले तर पडता तुम्ही. त्याचे पुढचे चाक तुमच्या मागच्या चाकाला लागले तर पडतो तो. मी पाच मिनिटांत सात वेळा पडलो. मुलगा हसून म्हणाला, “बाबा, तुम्ही वेग बघता आहात. दोघांच्या वेगातला फरक बघा.”

आणि मग, बटणे खाली न ठेवता, त्याने मला आपल्या राज्याचा कायदा समजावून सांगितला.

कॅलिफोर्नियात ही चाल पूर्वी निषिद्धही नव्हती आणि स्पष्टपणे संमतही नव्हती. तेथील महामार्ग पोलिसांनी सूचना प्रसिद्ध केल्या, तर पोलिसांनी परस्पर नियम का करावेत अशी हरकत निघून त्या 2014 साली मागे घ्याव्या लागल्या. 2016 साली कायदा झाला आणि 1 जानेवारी 2017 पासून तो अमलात आला. पहिल्या मसुद्यात वेगाचे आकडे होते. अंतिम कायद्यात व्याख्या तेवढी उरली आणि सूचनांचे काम पुन्हा पोलिसांकडे गेले. युटा राज्याने 2019 साली याहून सावध वाट धरली : पुढची वाहने थांबलेली असावीत आणि दुचाकी ताशी 15 मैलांपेक्षा वेगाने जाऊ नये.

हा 15 चा आकडा कोठून येतो? बर्कले येथील विद्यापीठाने 2015 साली जवळजवळ सहा हजार अपघातग्रस्त मोटारसायकलस्वारांची पाहणी प्रसिद्ध केली. वाहतूक ताशी 50 मैलांच्या आत असेल आणि दुचाकीचा वेग तिच्याहून 15 मैलांपेक्षा अधिक नसेल, तर फटीतून जाणे तुलनेने सुरक्षित दिसले. फटीतून जाणाऱ्यांपैकी 9 टक्क्यांच्या डोक्याला इजा झाली होती, इतरांपैकी 17 टक्क्यांच्या. मात्र फटीतून जाणारे हेल्मेटही चांगले घालीत होते आणि हळूही जात होते. तेव्हा सगळे श्रेय फटीला देता येत नाही, हे मी त्याला बजावले. त्याने ते मान्य केले. मला बरे वाटले.

हिशेब साधा आहे. मोटारवाल्याने आरशात पाहून चाक वळवायला दीड सेकंद घेतला असे धरा. वेगातला फरक 15 मैलांचा, म्हणजे ताशी 24 किलोमीटरचा असेल, तर तेवढ्या अवधीत दुचाकी दहा मीटर पुढे येते. फरक ताशी 50 किलोमीटरचा असेल तर एकवीस. आरशात दूर दिसलेला ठिपका मग एकदम दाराशीच येऊन उभा राहतो. खेळात पडलेला स्वार उठून, धावत जाऊन पुन्हा गाडीवर बसतो. तेवढे मात्र कोणत्याही राज्याच्या कायद्याला जमलेले नाही.

जाण्याच्या आदल्या दिवशी त्याच्या मागे स्कूटरवर बसून मी बँकेत निघालो. सिग्नलला बस आणि ट्रक यांच्यामध्ये चांगली ऐसपैस फट होती. दोघे-तिघे आमच्या देखत तीतून निघूनही गेले. मागून भोंगे वाजत होते. हा आपला बसच्या मागे उभा.

“का रे, येथे नाही जात?” मी विचारले.

“तेथे गाड्या आपापल्या पट्टीत असतात, बाबा. ही बस कोठे वळेल हे तिच्या ड्रायव्हरनेही अजून ठरवलेले नाही.”

खोके आता टीव्हीखालीच आहे. दर रविवारी फोन आला की त्याची आई आधी जेवणाचे विचारते आणि मग म्हणते, “फरक किती ठेवतोस?” तो म्हणतो, “दहा.” ती माझ्याकडे बघते, आणि मी मान हलवतो.