महागडा मदरबोर्ड घ्यावा काय ?

घरांत येणारी प्रत्येक नवी वस्तु एक जुना प्रश्न बरोबर घेऊन येते : ही किंमत नेमकी कशाबद्दल द्यावयाची ? शिवणयंत्र घेतांना आजोबांनीं तो विचारला, शीतकपाट घेतांना वडिलांनीं विचारला, आणि आज संगणकाचे सुटे भाग घेतांना तोच प्रश्न मुलांपुढें उभा आहे. प्रोसेसर किती जलद, रॅम किती मोठी, हें आंकड्यांत सांगतां येतें. मदरबोर्डाची किंमत मात्र पायरीपायरीनें चढत जाते, आणि त्या चढणीबरोबर संगणकाचा वेग किती चढतो, हें खोक्यावर कोठेंच छापलेलें नसतें.

पुण्यांतील एका मध्यम स्थितींतल्या कुटुंबाचें उदाहरण येथें घेण्यासारखें आहे. वास्तुशास्त्राची पदवी घेतलेला मुलगा घरबसल्या इमारतींचीं संगणकचित्रें करून देऊं लागला. जुना संगणक अपुरा पडूं लागला, तेव्हां आईनें पांच वर्षें दरमहा बँकेंत भरलेल्या ठेवीचे दीड लाख रुपये त्याच्या हातीं ठेवले. घरांत दुसरी शिल्लक नव्हती. मुलगा मुंबईस लॅमिंग्टन रोडवर जाऊन भाव काढून आला. त्याच्या यादींत ४८,००० रुपयांचा मदरबोर्ड होता. त्या मानानें रॅम आणि ग्राफिक्स कार्ड बेताचें. यादी वाचून आईनें एवढेंच विचारलें, "अरे, रात्रीं तुझें काम अडतें, तें या पाटीमुळें अडतें का ?" मुलगा म्हणाला, "तसें नाहीं, आई. पण जोतें भक्कम नको का?"

मुलाचें उत्तर वरवर बिनतोड वाटतें. पण ही उपमा कितपत लागू पडते, हें पाहिलें पाहिजे.

मदरबोर्ड स्वतः हिशेब करीत नाहीं. तो प्रोसेसरास, रॅमला व इतर भागांना वीज पुरवितो आणि त्यांच्यामधील दळणवळण चालवितो. १९८१ सालच्या आय.बी.एम.च्या संगणकांत पडद्याचें व तबकडीचें नियंत्रण करणारीं कार्डें मदरबोर्डावर वेगळीं बसवावीं लागत. पुढें हीं कामें एकेक करून मदरबोर्डाच्याच अंगावर आलीं. उलट, रॅमवर ताबा ठेवण्याचें महत्त्वाचें काम, जें पूर्वीं मदरबोर्डावरील चिपसेट करी, तें २००३ सालीं ए.एम.डी.नें आणि २००८ सालीं इंटेलनें आपल्या सर्वसामान्य प्रोसेसरांच्या पोटांत घातलें. पूर्वीं चांगल्या मदरबोर्डानें संगणकाचा वेग खरोखरच वाढत असे. आतां तोच प्रोसेसर स्वस्त आणि महाग अशा दोन मदरबोर्डांवर बसविला, तर नित्याच्या कामांत फरक जवळजवळ जाणवत नाहीं. लोकांच्या मनांतील समज मात्र जुन्या काळचाच राहिला आहे.

मग जास्तीचे पैसे जातात कोठें ? पहिली गोष्ट विजेची. १२ व्होल्टचा दाब सुमारें सव्वा व्होल्टवर आणून प्रोसेसरास देणारें मंडल मदरबोर्डावर असतें. ए.एम.डी.चा सोळा कोअरचा रायझेन ९ ७९५०एक्स २३० वॅटपर्यंत वीज ओढतो. म्हणजे त्या मंडलांतून शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह वाहतो. त्यास जाड उष्णताशोषक व दणकट मंडल हवेंच. पण मुलानें निवडलेला आठ कोअरचा रायझेन ७ ७७०० हा ८८ वॅटच्या आंतच राहतो. त्यास मध्यम मदरबोर्ड पुरेसा होतो.

दुसरी गोष्ट जोडणीच्या सोयींची. महाग मदरबोर्डावर जलद यू.एस.बी. ४, जास्त एम.२ खांचा आणि पीसीआय एक्सप्रेसची पांचवी पिढी मिळते. पांचव्या पिढीची एसएसडी कागदोपत्रीं चौथीच्या दुप्पट वेगाची असते. पण तीमुळें नकाशा दुप्पट लवकर उघडत नाहीं, कारण उघडतांना बराच वेळ प्रोसेसरच्या कामांत जातो. शिवाय कांहीं मदरबोर्डांवर एक जादा खांच भरली, कीं ग्राफिक्स कार्डाच्या सोळा मार्गांपैकीं आठ कमी होतात. विकत घेतलेली सोय अशी आपल्याच दुसऱ्या सोयीवर उठते.

तिसरी गोष्ट भविष्याची. येथें मुलाचें म्हणणें पोकळ नव्हतें. २०१७ सालीं ए.एम.डी.चा एएम ४ सॉकेटचा मदरबोर्ड घेणाऱ्या पुष्कळांना त्याच पाटीवर २०२२ सालचा प्रोसेसर बसवितां आला. याउलट, इंटेलनें २०१७ सालीं काढलेल्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरास सॉकेटाचा आंकडा तोच, ११५१, असूनही नवा मदरबोर्ड लागला. एएम ५ हें सॉकेट २०२७ पर्यंत तरी चालू ठेवण्याचें ए.एम.डी.नें जाहीर केलें आहे. परंतु हा लाभ सॉकेटाचा आहे, किंमतीचा नव्हे. तेंच सॉकेट सतरा हजारांच्या मदरबोर्डावरही असतें.

अखेर मायलेकांनीं वाद बाजूस ठेवला. मुलानें आठ दिवस जुन्या संगणकावर, काम अडेल तेव्हां, कार्यभार दाखविणारी खिडकी उघडून नोंद केली. काम अकरा वेळां अडलें. नऊ वेळां रॅम भरलेली होती आणि दोन वेळां ग्राफिक्स कार्ड. वही त्यानें स्वतःच आईपुढें ठेवली. ४८,००० च्या जागीं १७,००० चा मदरबोर्ड ठरला आणि वांचलेले ३१,००० रुपये रॅमकडे व ग्राफिक्स कार्डाकडे वळले. एएम ५ वर चार पट्ट्या बसविल्यास रॅमचा वेग उतरतो, म्हणून दोनच मोठ्या पट्ट्या घेतल्या. मात्र त्याहून स्वस्त, उष्णताशोषक नसलेला मदरबोर्ड घेण्यास मुलानें नकार दिला. उद्यां अधिक वीज ओढणारा प्रोसेसर आला, तर एप्रिलच्या उन्हाळ्यांत तो तापून मंदावेल, हें त्याचें म्हणणें आईनें मान्य केलें.

याचा अर्थ महाग मदरबोर्ड कोणींच घेऊं नये, असा नाहीं. सोळा कोअरचा प्रोसेसर रात्रंदिवस राबविणारा, चार-पांच एसएसडी एकदम वापरणारा, किंवा दहा गिगाबिटच्या जाळ्यावर काम करणारा मनुष्य त्या किंमतीचा पुरेपूर मोबदला मिळवितो. कोणत्या खांचेंत काय बसणार, हें त्यास आजच सांगतां येतें. ज्यास तें सांगतां येत नाहीं, त्याची खरेदी चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला अशी होते.

जोतें भक्कम असावें, हें खरेंच. पण तें किती मजल्यांसाठीं, हें आधीं ठरवावें लागतें. दुमजली घराला सातमजली जोतें घालणारा गवंडी घर मजबूत करीत नाहीं, छपराचे पैसे जमिनींत पुरतो. वास्तुशास्त्र शिकलेल्या मुलाला हें कळण्यास वेळ लागला नाहीं. फक्त घरांत कोणीतरी तो प्रश्न वेळेवर विचारावा लागला.