गोलाची जागल



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पीक उभे असले, की माणूस रात्री जागलीला जातो. रात्र सुखरूप गेली तर त्याचे कोणी कौतुक करीत नाही. पण एकदा डोळा लागला आणि डुकरांचा कळप शिरला, की गावभर बोभाटा होतो. हॉकीतल्या गोलरक्षकाचे असेच असते. बारा फूट रुंद नि सात फूट उंच गोल त्याला राखायचा असतो. असाच एक जागल्या म्हणजे आकाश चिकटे. १९९२ साली यवतमाळला जन्मलेला हा मुलगा भारताचा गोलरक्षक झाला.

संघात पहिला मान पी. आर. श्रीजेशचा. गोल एकच, तेव्हा दुसऱ्याने बाकावर बसून वाट पाहायची. २०१६ साली मलेशियात कुआंतान येथे आशियाई चॅम्पियन्स करंडकाचे सामने झाले. श्रीजेशला दुखापत झाली, आणि ३० ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यात आकाश गोलात उभा राहिला. भारताने सामना ३-२ असा जिंकला. बाकावरच्या दिवसांत सराव सैल पडला असता तर? विचार करा.

पुढे २०१७ साली ढाक्याला आशिया चषक जिंकणाऱ्या संघात तो होता. त्याच वर्षी डिसेंबरात भुवनेश्वरला बेल्जियमशी ३-३ बरोबरी झाली आणि शूटआउटची पाळी आली. यात एकटा खेळाडू चेंडू घेऊन धावत येतो; आठ सेकंदांत गोल करायचा असतो, समोर फक्त गोलरक्षक. आकाश हलला नाही. भारत जिंकला आणि त्या स्पर्धेत पुढे कांस्यपदकही मिळाले.

आता कडू भाग. २०१८ च्या फेब्रुवारीत घेतलेल्या चाचणीत त्याच्या शरीरात निषिद्ध उत्तेजक द्रव्य आढळले आणि दोन वर्षांची बंदी आली. खेळ वाढवण्याच्या हेतूने ते घेतलेले नव्हते, हे शिस्तपालन मंडळाने मानले. तरी बंदी चुकली नाही. कारण शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच, असा नियम आहे. पंचविशीतली दोन वर्षे म्हणजे खेळाडूचा भर हंगामच की!

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे मी कोणाला बोल लावायला सांगत नाही. आपल्याकडे पाय मुरगळला, की कोणीही दिलेली गोळी आपण निमूट गिळतो. उद्या तुमच्या शाळेतला एखादा पोरगा जिल्ह्याकडून, राज्याकडून खेळेल. त्याला आजच शिकवा : डॉक्टरांना आधी सांग, ‘मी खेळाडू आहे.’ औषधाचे नाव विचार, चिठ्ठी जपून ठेव. निषिद्ध औषध घेणे भागच असेल, तर आधी परवानगी मागण्याची सोय आहे.

समोरून येणारा चेंडू आकाशने अडवला. जागलीला बसणाऱ्याने मात्र धुऱ्याच्या चारी बाजू पाहाव्या लागतात.