शेजारची शाळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या गल्लीच्या तोंडाशी महानगरपालिकेची शाळा आहे. तिचे वर्ग ओस पडू लागले की आपण चटकन म्हणतो, 'तिथं शिकवतातच कुठं!' हा निकाल देण्यापूर्वी थोडा हिशेब मांडावयास हवा.

परळ-लालबागच्या या शाळा एके काळी गिरणीकामगारांच्या मुलांनी भरलेल्या असत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जागी टॉवर उठले आणि कितीतरी कुटुंबे डोंबिवली-विरारकडे गेली. जी राहिली त्यांतील ऐपतदारांनी मुले खाजगी इंग्रजी शाळांत घातली. मुलांचे भले कोणाला नको? पण मागे उरली ती बहुतेक अशी मुले, की ज्यांचा अभ्यास घ्यावयास घरी कोणी नाही. त्यांचे गुण खाजगी शाळेतील गुणांशेजारी ठेवून मास्तरांना नापास करणे न्यायाचे नव्हे. त्यातून निवडणूक किंवा जनगणना आली की हेच मास्तर दारोदार फिरणार. कायद्यानेच ती मुभा ठेविली आहे. मात्र चौथीतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येत नसेल, तर तेही झाकून ठेवू नये. पुस्तके, गणवेश, दुपारचा आहार फुकट वाटता येतो; वाचन तसे वाटता येत नाही. त्याला शेजारी माणूस बसावा लागतो.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सरकारी व पालिकेच्या शाळांना व्यवस्थापन समिती असावी लागते. तीत तीनचतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया. म्हणजे आपल्याकडे धुणीभांडी करणारी बाई मुलाच्या शाळेच्या कारभारात बसू शकते, जाब विचारू शकते! पण सभा पडते ऐन कामाच्या वेळी, आणि खाडा झाला की आपण पैसे कापतो. मग ती जाणार कशी?

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. सभेच्या दिवशी तिला भरपगारी सुटी द्यावी. एक दिवस भांडी आपण घासू. दुसरे असे, की मंडळाची खोली दुपारी तीन ते पाच कुलपात असते. ती या मुलांसाठी उघडावी, आणि आपण पाळीपाळीने त्यांच्याजवळ वाचावयास बसावे. भजनाचा मंगळवार सोडून, बरे का! किल्ली कार्यवाहबाईंकडे आहेच. सोमवारची पाळी माझी लिहून ठेवावी.