प्रचारातली दुसरी खुर्ची
(चोपडा येथे तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



मी सॉफ्टवेअरवाला माणूस. प्रोग्राम काय करणार असं लिहिलंय यापेक्षा तो प्रत्यक्षात काय करतोय, हे बघण्याचा मला पगार मिळतो. म्हणून आज भाषणांबद्दल बोलत नाही. जोडीने निवडणूक लढवणाऱ्यांपैकी एक जण बोलत असताना दुसरा काय करतो, त्याबद्दल बोलतो.

आपल्याकडे नगरपरिषदेच्या प्रभागात साधारण दोन जागा असतात, ‘अ’ आणि ‘ब’. वर नगराध्यक्ष. मत फोडता येतं, म्हणून ‘पॅनल टू पॅनल चालवा’ म्हणत जोडी दारोदार फिरते. २०११ पासून निम्म्या जागा महिलांना राखीव, त्यामुळे जोडीत एक बहुधा बाई असतेच.

जोडीचं खरं काय ते तयार निवेदनात सापडत नाही. ४ डिसेंबर २०२४ ची पत्रकार परिषद आठवा. फडणवीस, शिंदे, अजितदादा. शिंदेंना विचारलं, शपथ घेणार का? ते म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबा. दादा मध्येच म्हणाले, त्यांचं संध्याकाळी कळेल, मी तर घेणार आहे. शिंदेंनी चिमटा काढला की दादांना सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळच्या शपथेचा अनुभव आहे. सगळे हसले. कोणाला घाई होती आणि कोण अडून होतं, ते त्या हसण्यात महाराष्ट्राला कळलं.

पण सफाईला भुलू नका. १ ऑक्टोबर २०२४ ला अमेरिकेत उपाध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांची चर्चा झाली. वॉल्झ सुरुवातीला चाचरले. व्हान्स अगदी सराईत. शेवटी वॉल्झनी त्यांना सरळ विचारलं, २०२० ची निवडणूक ट्रम्प हरले होते की नाही? सराईत माणसाने तितक्याच सराईतपणे उत्तर टाळलं.

आता घरचं सांगतो. गाव आणि पक्ष सांगत नाही. माझी खाला महिला जागेवर उभी होती. मी सुट्टी टाकून आलो, मोबाइलवरचा प्रचार माझ्याकडे. बॅनरवर जोडीदार उमेदवाराचा फोटो, शेजारी खालाचं नाव आणि फोटो खालूंचा! मला तेव्हा ते खटकलंही नाही. दारात जोडीदार हात जोडून बोलायचा, खाला दोन पावलं मागे पत्रकं धरून उभी. मोहल्ल्यात शिरलं की तोच माणूस आवाज खाली आणून सलाम करायचा. खालाची जागा मात्र बदलायची नाही. कोणी तिला विचारलं, नळाचं काय करणार, की उत्तर खालू द्यायचे.

मी तिला भाषण लिहून दिलं. ‘सर्वांगीण विकास’ वगैरे. तिने ते कागदात डोकं घालून वाचलं. मी तिलाच शिकवलं, खाला, समोर बघून बोल. मनात वाटलं, बुरख्यामुळे लोकांशी नातं जुळत नसेल.

रात्री क्लिपा कापायला बसलो. अकरा क्लिपा होत्या. प्रत्येकीत तिने तोंड उघडायच्या आत कोणीतरी बोलतंय. तीन क्लिपांत तो आवाज माझा, कॅमेऱ्यामागून.

दुसऱ्या दिवशी नळावर बायका भांडत होत्या. आम्ही पुरुष चहाला थांबलो होतो. खाला एकटीच पुढे गेली. तोच बुरखा, पण एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताने कोरडी तोटी दाखवत अर्धं अहिराणी, अर्धं उर्दू बोलत होती. कोणत्या गल्लीत पाणी किती वाजता येतं, कोणाच्या दारात गटार तुंबते, सगळं तोंडपाठ. बायका गप्प होऊन ऐकत होत्या. मी लांबून चित्रण केलं. जोडीदार म्हणाला, ही क्लिप नको भाऊ, भांडण वाटतं. खालूंनी मान हलवली. मीही ती टाकली नाही. टाकली ती ‘सर्वांगीण विकास’वाली.

खाला थोडक्यात पडली. जोडीदार निवडून आला. म्हणजे पॅनल टू पॅनल चाललं नव्हतं. त्याला मत देऊन तिला न देणारे होते, आणि तिला बोलताना त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

यंदा तुमच्यापैकी कोणाच्या हातात असा मोबाइल असेल, तर दोनच गोष्टी मोजा. प्रश्न तिला विचारल्यावर उत्तर कोण देतं, आणि ती बोलायला लागल्यापासून किती सेकंदांत कोणी तोडतं. खालाला विचारून मी त्या क्लिपा आणल्यात, बाकीच्यांचे चेहरे झाकून. प्रोजेक्टर लावा कोणीतरी. पहिल्यांदा आवाज बंद ठेवून बघू. नळावरची शेवटी लावा, तिचा आवाज मात्र पूर्ण सोडा.